पंचविशीतले मायबाप

धर्मादाय दवाखान्यात अठरा वर्षं आया म्हणून राबलेल्या अनुसया हिवाळेंनी बेचाळिसाव्या वर्षी तिथल्याच नर्सिंग शाळेच्या प्रवेशासाठी अर्ज भरला. मुलाखतीत मुख्य डॉक्टर खोचकपणे म्हणाले, “सगळे तुम्हाला मावशी म्हणतात. या वयात सिस्टर कोण म्हणणार?”

“साहेब,” अनुसयाबाई हात जोडून म्हणाल्या, “तुम्ही इथं आलात तेव्हा जेमतेम पंचविशीचे होतात. तरी ऐंशीच्या म्हाताऱ्या तुम्हाला मायबाप म्हणायच्या. पंचविशीत मायबाप होता येतं, मग बेचाळिशीत सिस्टर का नाही?”

डॉक्टर गोरेमोरे झाले, मग स्वतःच हसत त्यांनी अर्जावर सही केली.

बाहेर सिस्टर फिलोमिना थांबल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत अनुसयाबाईंचा बारावीचा अभ्यास त्यांनीच करून घेतला होता. अनुसयाबाईंनी त्यांचे हात धरले. मग साहेबांची सही असलेला अर्ज सर्वांत आधी त्यांच्याच हातात ठेवला.