दोन हिसके

"तेवा तू खूण केलंस?"

गंगाराम मेतरांनी एवढंच विचारलं. हातातलं कालव फोडलं, गर वाटीत टाकला. वर पाहिलं नाही.

दिगंबर कुबल त्यांच्या पडवीत अर्धा तास बोलत होता. मानेच्या दोन मणक्यांना पट्टी कशी बसवली, चार महिने गळपट्टा कसा होता, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगून झालं होतं. पाण्यात उतरायला हरकत नाही, असा डॉक्टरांचा कागदही वाचून झाला होता. त्या सगळ्यातून म्हाताऱ्याने ही एकच गोष्ट उचलली.

"कसली खूण, आबा?"

"थय, खाली. नांगर मानेर बसलो तेवा. जोडीदार बाजूक होतो म्हणतंस. हातान खूण केलंस त्येका?"

दिगूने कागदाची घडी घातली.

मालवणच्या खालच्या अंगाला, खडपात, म्हणजे पाण्यातल्या खडकांत, पर्यटकांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राचा तळ दाखवायचा हा दिगूचा धंदा. पंधरा वर्षं करत होता. त्याच्या हाताखाली सहा जण होते. दोन वर्षांमागे होडीचा नांगर खडकात अडकला म्हणून तो स्वतः सोडवायला उतरला. वरून लाटेने होडी उचलली, दोर ताणला, नांगर सुटून उसळला आणि मानेच्या मागे बसला. जोडीदार पाच हातांवर होता.

"नाय केलंय," दिगू म्हणाला.

"कित्याक?"

"वर माणसां होती. पुण्याची. माझ्या भरोशार इललीं."

"मगे?"

"मगे काय... आपणच वर इलंय. आपणच शिडी चढलंय. टाकी आपणच काढून ठेवलंय. आणि पडलंय."

डॉक्टर नंतर म्हणाले होते, पाण्यातच कुणी मान धरून, आडवा ठेवून वर आणला असता तर कदाचित पट्टीची वेळ आली नसती. हे मात्र दिगूने सांगितलं नाही. मेतरांनी विचारलंही नाही. त्यांनी दुसरं कालव उचललं.

"आता माझ्याकडे कित्याक इलंस? कागद आसा तुझ्याकडे."

"दर्शना म्हणता, आबांनी हूं म्हटल्याशिवाय टाकी पाठीर घेऊची नाय."

"बायल शाणी आसा तुझी."

"तुमी हूं म्हणा म्हणजे झाला."

"तुका बघल्याशिवाय कसा म्हणू? उद्या सकाळी ये. टाकी घेवन."

एवढं बोलून म्हातारा उठला आणि वाटी घेऊन आत गेला.

दिगू पडवीत बसून राहिला. दोन वर्षं त्याने धंदा काठावरून पाहिला होता. होडी जाई, होडी येई. भिजलेली पोरं हसत उतरत, कुठे मोरी मासा दिसला, कुठे कासव दिसलं सांगत. तो खुर्चीत. सुरुवातीला पोरं त्याला विचारत असत, दादा, आज पाणी कसं असेल. पुढे पुढे विचारेनाशी झाली. या हंगामात पाण्यात उतरलो नाही तर पुन्हा कधीच उतरणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. कागदावर काही लिहिलेलं असो.

याच पडवीत तो सोळाव्या वर्षी आला होता. तेव्हा टाकी नव्हती, पायांत घालायचे रबराचे पंखेही नव्हते. मेतर अडकलेले नांगर सोडवायचे, बुडालेली जाळी काढायचे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणाचा नांगर अडकला की निरोप त्यांच्याकडे येई. छातीत भरलेली हवा आणि हातात एक धोंडा, एवढंच सामान. आणि कंबरेला दोर.

दोराशिवाय मेतर कुणाला उतरू देत नसत. एक हिसका म्हणजे दोर सोडा. दोन हिसके म्हणजे मला वर घ्या. पोर शिकायला आलं की श्वास धरायला शिकवायच्या आधी ते हिसका द्यायला शिकवत. पहिला दिवस सगळा त्यातच जाई. काठाच्या वाळूत पोराला बसवायचं, वीस हातांवर आपण बसायचं आणि दोर ओढून घ्यायचा. पोरं कंटाळत. दिगू तर फारच कंटाळला होता.

बाकीची पोरं खाली गेली की घाबरून दोन हिसके देत. वर आली की दिगू हसायचा. त्याने सात वर्षांत कधी दोन हिसके दिले नाहीत. छाती फुटायची वेळ आली तरी आपल्या पायांनी वर यायचा, होडीच्या काठाला हात लावायचा आणि केस झटकायचा. गावात त्याचं नाव झालं. मेतर मात्र कधी शाबास म्हणाले नाहीत. दोर गुंडाळत आणि पेजेचं मडकं पुढे सरकवत.

ती पेज त्याला अजून आठवे. खाऱ्या हातांनी खाल्लेली, वर सुक्या बांगड्याचा तुकडा. नंतर पैसे मिळाले, मोठ्या हॉटेलांत जेवण झालं. ती चव काही पुन्हा जिभेला लागली नाही.

सकाळी तो टाकी घेऊन आला तेव्हा मेतर होडीत बसून होते. पायाशी दोर होता.

दिगूला वाटलं, नांगराचा असेल.

खडपाजवळ पाणी तीन वांव होतं, तीन पुरुष उभे राहतील एवढं. आश्विनातलं पाणी, निवळ. वरून तळाचे काळे दगड दिसत होते. दिगूने टाकी चढवली. मान थोडी आवळली. वर आकाशाकडे पाहता येत नव्हतं, ते आता येणारच नव्हतं. डावी उजवी मान फिरत होती.

मेतर दोराचं टोक घेऊन पुढे आले.

"ह्या काय?"

"कंबर."

"आबा, टाकी आसा पाठीर. तासभर हवा आसा. दोर कित्याक?"

"कंबर पुढे कर."

"मी लोकांका शिकवतंय, आबा. पंधरा वर्सां."

"आयकलंय."

बाजूने एक होडी जात होती. तिच्यातून गावातला बाबल्या धुरी ओरडला, "काय रे दिग्या, म्हाताऱ्यान दाव्याक बांधल्यान तुका? की पाडो झालंस?"

होडीतले दोघे हसले. दिगूचा चेहरा लाल झाला.

"लोक हसतत, आबा."

"हसांदेत. त्यांका दुसरो धंदो नाय."

"मी असो उतरूचंय नाय."

मेतर खाली बसले. दोराचं टोक मांडीवर ठेवलं. कानामागची विडी काढली, पेटवली नाही, तशीच बोटांत धरली.

"मगे नको उतरू," ते म्हणाले. "टाकी तुझी, मान तुझी. होडी माझी. परत नेतंय."

...

होडी लाटेवर हलत राहिली. किनारा दिसत होता. किनाऱ्यावर दिगूची खुर्ची होती, ती इथून दिसत नव्हती, पण कुठे आहे ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

त्याने कंबर पुढे केली.

मेतरांनी गाठ मारली. सोळाव्या वर्षी मारत तशीच, बेंबीच्या डाव्या अंगाला. दोराचा एक वेढा स्वतःच्या तळव्याला घेतला.

"एक हिसको?"

"दोर सोडा," दिगू पुटपुटला.

"दोन?"

दिगूने नळी तोंडात घातली आणि पाठ करून पाण्यात गेला.

पाणी डोक्यावरून मिटलं आणि आवाज आला.

तो आवाज तो विसरला होता. चुरमुऱ्याच्या भट्टीत वाळू तापते, तशी खडपातली बारीक कडकड, चहूकडून. इस्पितळात चार महिने त्याने छताचा पंखा ऐकला होता. घरी दोन वर्षं गावातले आवाज ऐकले. आणि हा इथे खाली चालूच होता, त्याच्याशिवाय. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याच्या आत ते पुसताही येईना.

त्याने एक हिसका दिला. दोर सुटला. तो खाली गेला.

दगड तेच होते. मोठ्या दगडाच्या पोटातली कपार तीच. तिच्यात त्याने पहिला नांगर सोडवला होता, सतराव्या वर्षी. हात घातला तर आतून एक खेकडा नांगी उगारून पुढे आला आणि उभा राहिला. दिगू हसला. तोंडातली नळी सुटता सुटता राहिली.

पिवळ्या पट्ट्यांचे मासे जवळून गेले. मान वळवून पाहण्याऐवजी तो सगळाच वळला. जमलं. अंग हलकं होतं. जमिनीवर दोन वर्षं डोकं मणाचं वाटत होतं, इथे त्याला वजनच नव्हतं. झालं, त्याला वाटलं. काही गेलेलं नाही. सगळं आहे तसं आहे.

मग डाव्या हाताच्या करंगळीला मुंगी चावल्यासारखं झालं.

त्याने हात झटकला. करंगळी बधिर झाली, मग शेजारचं बोट. मग तळव्याची कड. नांगर बसला त्या दिवशीही असंच सुरू झालं होतं, थेट असंच.

तो दगडाला धरून थांबला. वर बघायला मान जाईना. म्हणून कुशीवर झाला आणि होडीचं बूड पाहिलं. काळं, वाटोळं. तीन वांव. दहा वेळा पाय मारले की वर. आपण वर जायचं, काठाला हात लावायचा, टाकी काढून ठेवायची. म्हाताऱ्याला काय कळणार? मान हलवून दाखवायची, हसायचं. तो हूं म्हणेल. दर्शना हूं म्हणेल. परवा पर्यटक घेऊन उतरायचं.

मुंग्या मनगटापर्यंत आल्या.

उजवा हात दोरावर गेला. सुटला. पुन्हा गेला.

किती वेळ गेला त्याला सांगता आलं नसतं. तोंडातून बुडबुडे जात होते, एकामागून एक.

त्याने दोन हिसके दिले.

दुसरा पुरा व्हायच्या आत दोर ताठ झाला. जणू वरचा हात त्याचीच वाट पाहत होता. पण ओढ हळू होती. विहिरीतून काठोकाठ भरलेली घागर काढावी तशी, हातामागून हात. दिगूने पाय सैल सोडले. श्वास सोडत राहिला. जन्मात पहिल्यांदा तो पाण्यातून काही न करता वर आला.

मेतरांनी काखेत हात घालून त्याला होडीच्या काठाला टेकवला. टाकीचे पट्टे आधी सोडले, टाकी वर घेतली. मग त्याची मान एका तळव्यावर धरून त्याला आत घेतला आणि आडवा केला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस. धापा टाकत होता.

"खय?"

"डाव्या हातात. मुंग्यो. मनगटापर्यंत."

"बोटां हलय."

हलली.

"पाय."

हलले.

"मान हलव नको. पड तसोच."

दिगू पडून राहिला. वर आकाश होतं. असा आडवा झाला की ते दिसत होतं. मुंग्या हळूहळू उतरत होत्या. मनगट मोकळं झालं, तळवा मोकळा झाला, करंगळी तेवढी राहिली.

बाबल्या धुरीची होडी परत फिरली होती. त्याने दुरून पाहिलं. या वेळी त्याने टोपी काढली आणि पुढे गेला.

"आता जातत मुंग्यो," दिगू म्हणाला. "माका आपणाक वर येवक येत होता, आबा."

"येत होता."

"तीन वांव तर होता."

"होता."

...

"म्हणजे संपला आता. तुमी हूं म्हणूचास नाय."

मेतरांनी वल्हं उचललं, पाण्यात घातलं, पुन्हा आत घेऊन ठेवलं.

"आज डॉक्टराक दाखव. असा असा झाला म्हणान सगळा सांग, लपवू नको. तो थांब म्हणालो तर थांब. महिनो, वरीस, काय म्हणात ता. जा म्हणालो तर माझ्याकडे ये. अडीच वांवार जावया."

दिगूने डोळे मिटले. उघडले.

"परत ह्यो दोर बांधून?"

मेतर त्याच्या कंबरेची गाठ सोडायला वाकले होते. ओली गाठ सुटायला वेळ लागला. सुटली तेव्हा दोराचं टोक त्यांनी थोडा वेळ हातात तसंच ठेवलं.

"सात वर्सां तुझो दोर धरून बसललंय, दिग्या," ते म्हणाले. "आज पयल्यांदा कळला, खाली कोणतरी आसा."