खडूची अक्षरं

मालगाडीच्या डब्यांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. अशा डब्याला वाघीण म्हणतात. ज्याला हे ठाऊक नसेल, त्याने उगाच जंगलात शोधत फिरू नये.

एक म्हातारी वाघीण यार्डात उभी होती. जन्मभर तिने गहू-तांदूळ वाहिला, पण वाचायला काही शिकली नाही. एका सकाळी तपासनिसाने तिच्या अंगावर खडूने ‘सिक’ लिहिलं आणि तिला गाडीतून सोडवलं.

“काय गं लिहिलंय माझ्यावर?” तिने शेजारच्या नव्याकोऱ्या वाघिणीला विचारलं.

“आजी, टिकायचं ते रंगाने लिहितात. खडूने लिहिलं म्हणजे तुझं भंगार!”

गाडीच्या शेवटी गार्डाचा डबा होता. गार्डाचं वाचणं ऐकून ऐकून तो साक्षर झालेला. म्हातारीने त्याला हाक मारली, “दादा, खरं सांग. मोडणार का रे मला?”

“अगं वेडे, सिक म्हणजे आजारी! तुझं चाक झिजलंय. आजारी माणसाला दवाखान्यात नेतात की मोडीत घालतात? आणि तुझा रंगातला नंबर बघ, त्यात तुझं जन्मसालसुद्धा आहे. तो कुणी खोडलाय का?”

“मग किती वर्षांची झाले मी?”

“माझ्याहून लहान आहेस. गप बस आता.”

म्हातारी लाजली. इंजिन न्यायला आलं, तेव्हा ती कुरकुरली नाही.

नव्या वाघिणीने आपल्या अंगावरची अक्षरं निरखून पाहिली. मग हळूच म्हणाली, “दादा, माझ्यावर काय लिहिलंय हो?”