रिकाम्या फोल्डरातले हेर

संगणकाचा पडदा पेटाऱ्याएवढा जाड असायचा, त्या काळची गोष्ट. चारुशीलाबाईंच्या घरच्या संगणकात एक राखणदार न बोलावताच येऊन बसला. हातात ढाल, आवाज खणखणीत. "घरात हेर शिरलेत! बाई, तुमचा पासवर्ड माझ्या हवाली करा, एकेकाला हाकलतो!"

पत्रांची फाइल रडायलाच लागली. "देऊन टाका बाई," फोटो ओरडले, "नाहीतर आपलं काही खरं नाही!"

घाबरलेल्या बाईंनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. पण म्हाताऱ्या कीबोर्डने ते बटण घट्ट धरून ठेवलं. सकाळपासूनच्या या आरडाओरड्याने त्याचे कान किटले होते. त्याने माउसला खुणावलं. माउसने एक कोरा फोल्डर उघडून पुढे केला.

"राखणदारसाहेब, एवढा तपासता का?" माउसने विचारलं.

राखणदाराने ढाल आपटली. "अरे बापरे! यात तर बेचाळीस हेर!"

"पण काका, मी तर आत्ताच जन्मलोय," फोल्डर लाजत म्हणाला. "माझ्यात अजून कुणी काहीच ठेवलेलं नाही."

माउस हसून हसून टेबलावरून घसरला. बाईही हसल्या. त्यांनी संगणक बंद करून सेफ मोडमध्ये सुरू केला. त्यात फक्त घरचे जागे होतात, उपरे झोपून राहतात. घोरत पडलेल्या राखणदाराला त्यांनी ढालीसकट काढून टाकलं. स्पीकरने लगेच गाणं लावलं आणि फोटो नाचू लागले.

"पण घरात हेर होते तरी किती?" पत्रांच्या फाइलने डोळे पुसत विचारलं.

"एकच," कीबोर्ड म्हणाला, "जो ओरडत होता तो."