बसरेकराचं बंद दार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नक्की किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आमच्या उंडीबंदरात दोन माणसांना विचारलंत तर तीन उत्तरं मिळतात, आणि चौथा न विचारता येऊन सांगतो. आमचं गावच तसं. म्हणून तर ही गोष्ट घडली.

एका माघात बंदराबाहेरच्या खडकावर एक गलबत फुटलं आणि एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला. दूरच्या बसऱ्याचा तो, डोळ्यांचा हकीम. कमरेला बांधलेली सुयांची पेटी तेवढी त्याच्याबरोबर वाचली होती. नाव इद्रीस, पण लोकांनी आधी गाव विचारलं आणि त्याच संध्याकाळी तो बसरेकर झाला. पावसाळा सरला की त्याच्या मुलखाचं गलबत पाण्यासाठी इथे थांबायचं. तोवर राहा म्हणून गावाने त्याला खाडीकाठचं रिकामं घर दिलं. असं म्हणतात की घर दिलं ते शेजाऱ्यांसकट दिलं.

एकीने त्याची चूल उपटून दुसरीकडे मांडली, कारण तिचं तोंड भलतीकडे होतं. एकाने अंगणात न विचारता अळू लावलं. दुसऱ्याने दुधाला म्हणून शेळी आणून बांधली, आणि शेळीने अळू खाल्लं. मग ते दोघे भांडले, तेही त्याच्याच पडवीत बसून. कुणी दारात थांबून हाक मारील तर शपथ! सगळ्यांत कहर म्हणजे शेजारची म्हातारी आवडाबाय. तिच्या दोन्ही डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदूचा पडदा, आला होता, तरी कुंपण चाचपत दिवसातून तीनदा पेज घेऊन यायची आणि त्याच्या मडक्यात बोट घालून बघायची, जेवला की नाही ते.

बसरेकर हैराण झाला. एका दुपारी त्याने दार लावलं, आतून अडसर घातला आणि झोपला.

आता आमच्याकडे दिवसाढवळ्या घराचं दार लावत नाहीत. लावलंच तर आत कुणीतरी गेलेलं असतं. घटकाभरात अख्खा गाव गोळा झाला. बायकांनी गळा काढला. गावप्रमुख रवळू गावकर तिरडीसाठी दोन हिरवे बांबू घेऊन आला. तेवढ्यात बसरेकराने डोळे चोळत दार उघडलं.

"आमका वाटला तू मेलंस!" गावकर म्हणाला.

"निजलेलंय." एव्हाना त्याला आमची बोली आली होती, न येऊन सांगते कुणाला?

"मगे दार कित्या लावलंस?"

"निजाचा होता म्हणान!"

गाव विचारात पडलं. एकट्याला झोपायची भीती वाटत असणार, असं सर्वानुमते ठरलं आणि त्या दिवसापासून दोन माणसं त्याच्या सोबतीला झोपू लागली. दोघेही घोरणारे. बसरेकर भिंतीवर कोळशाने रेघा ओढून गलबताचे दिवस मोजू लागला.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी आवडाबाय पेज घेऊन आली आणि पायरीवरच धडपडली. पेज सांडली. ती तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, "बसरेकरा, आता माका तुझा दार पण गावना नाय रे."

हकिमाने तिला हात धरून उठवलं. तिचे डोळे सुईने बरे होतील हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सुई लावल्यावर सात दिवस अंधाऱ्या, बंद खोलीत उताणं पडून राहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. एक धक्का बसला की दृष्टी कायमची गेली. सात दिवस बंद दार, आणि तेही ह्या गावात! त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग गाव गोळा केलं.

"सात दिवस कोणी येवचा नाय. हाक मारूची नाय. इचारूचा नाय."

"मगे ती बरी असा काय नाय, ता आमका कळतला कसा?" गावकराने विचारलं.

"कळाचा नाय!"

एवढी निर्दय गोष्ट गावाने कधी ऐकली नव्हती.

बसरेकराच्याच घरात सुई लागली, पट्टी बांधली, दार बंद झालं. पहिल्या दिवशी बारा माणसं आली. आम्ही येणार नाही, एवढंच सांगायला. बसरेकराने नुसते हात जोडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी मिरचीची फोडणी पडली आणि आवडाबायचं नाक हुळहुळलं. बसरेकराने तिचं नाक चिमटीत धरलं आणि शिंक परतवली. मग बाहेर आला आणि अंगणात उभा राहून, तोंडातून शब्द न काढता, स्वतःचे केस उपटू लागला. तेव्हा कुठे गावाच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या क्षणापासून गावात फोडणी बंद झाली. मिरचीसाठी जीव टाकणारी माणसं अळणी भात गिळू लागली. गावातले कोंबडे होडीत घालून पैलतीरी नेले. असं म्हणतात की लाटासुद्धा चवड्यांवर चालत किनाऱ्याला आल्या. लोक घराकडे पाठ करून दूर बसून राहिले. जेवणवेळी पायरीवर झाकलेलं ताट असायचं, आणि ठेवणाऱ्याचं पाऊल वाजायचं नाही.

पाचव्या दिवशी गलबत आलं. त्याच्यावरचा नगारा वाजला. उद्याच्या ओहोटीला निघणार, असा निरोप आला. बसरेकर पायरीवर येऊन बराच वेळ शिडांकडे बघत राहिला. आठ महिने त्याने ह्याच दिवसाची वाट पाहिली होती. मग तो आत गेला आणि त्याने अडसर घातला. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तरी दार उघडलं नाही.

सातव्या दिवशी पट्टी सुटली. आवडाबायने त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला.

"तुझा गलबत गेला मा रे?" ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"रडू नको!" बसरेकर ओरडला. "सात दिवस राबलंय मी त्या डोळ्यांवर!" असं म्हणतात की तो स्वतःच रडत होता.

पुढे दरवर्षी गलबत आलं. दरवर्षी तो म्हणाला, हे गाव सहन होत नाही, पुढच्या वर्षी नक्की जातो. असं म्हणत चाळीस वर्षं राहिला. वीस गावांच्या म्हाताऱ्यांना त्याने उजेड दाखवला. एकदा एका आंधळ्या बैलालाही दाखवला, असं म्हणतात.

अजूनही दसऱ्यानंतरचा एक दिवस आम्ही बसरेकराचा पाळतो. त्या दिवशी गावात फोडणी पडत नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरोघर दारं बंद असतात, कुणी कुणाला हाक मारत नाही. फक्त शेजाऱ्याच्या पायरीवर झाकलेलं ताट ठेवून मागे फिरायचं. गावात जो सगळ्यांत नवा, ज्याचं इथे कुणी नाही, त्याला सगळ्यांत जास्त ताटं.

गेल्या वर्षी दवाखान्यात नर्सबाई नव्याने आल्या होत्या, लांबच्या, नागपूरकडच्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी दार उघडलं तर पायरीवर चौदा ताटं. त्या रस्त्यावर येऊन वैतागून ओरडल्या, "अहो, मी एकटी बाई! एवढं खाणार कोण?"

आम्ही सगळे बंद दारांआड बसून ऐकत होतो. उत्तर द्यायची फार इच्छा होती.