पेडलवरचा कागद

“किट नवं टाकलं, नळी नवी टाकली, बाटलीभर तेल पाजलं. मग पेडल वर का येत नाही, चाचा?”

याकूबचाचा गाडीखाली आडवे होते. 

विचारणारा सर्जेराव. पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच गॅरेजात, आमच्या साखरप्यात, चाचांच्या हाताखाली चार वर्षं शिकला. आता कोल्हापुरात त्याचं मोठं गॅरेज आहे, गाडी उचलायला लिफ्ट आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. ह्या गाडीच्या क्लचचं काम त्यानं परवा स्वतःच्या हातानं केलं होतं. आणि आज आंबा घाट उतरताना तोच क्लच गेला. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत कसाबसा चाचांच्या दारात आला. तरी तोंडानं चालूच, माझं काम चोख आहे म्हणून.

माझी चहाची टपरी गॅरेजला लागून आहे, म्हणून हे सगळं मी बघितलं. त्यानं तीनदा चहा मागवला आणि तीनदा गार केला. मला भारी राग येतो असल्या माणसांचा.

त्याची मुलगी अस्मिता माझ्या बाकड्यावर सर्टिफिकिटांची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. चारच्या आत रत्नागिरीला नर्सिंग कॉलेजात हजर व्हायचं होतं. चार वाजून गेले की तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. तेव्हा साडेबारा झाले होते.

“दाब,” चाचा गाडीखालून म्हणाले.

“दाबलं.”

“सोड.”

“सोडलं.”

“सोड...”

“सोडलं की, चाचा!”

क्लचच्या पेडलमागे तेल असतं. पाय दाबला की तेल पुढं ढकललं जातं आणि क्लच सुटतो. नळीत हवा राहिली तर सगळा जोर हवाच खाते, पेडल नुसतं खाली जाऊन बसतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक खाली, जिथून हवा बाटलीत सोडतात त्या निपलपाशी. वीस वर्षं शेजार केल्यावर एवढं मलाही कळतं.

“मशीन असतं तर पाच मिनिटांत हवा ओढून काढली असती,” सर्जेराव म्हणाला. “तुमच्याकडं अजून तीच बाटली आणि तीच नळी.”

“दाब,” चाचा म्हणाले.

सर्जेरावानं धडाधड पंधरा-वीस वेळा पेडल मारलं. खाली बाटलीत फेस आला, नुसता फेस.

“पप्पा, हळू की,” अस्मिता म्हणाली.

“तू गप बस. चारला पोचवतो म्हटलंय ना तुला? पोचवतो.”

“दीडची एसटी आहे. मी जाते तिनं.”

“एकटी?”

“बस भरून माणसं असतात, पप्पा.”

“एकटी नाही जायचं,” तो म्हणाला आणि पुन्हा पेडल मारायला लागला.

चाचा गाडीखालून सरपटत बाहेर आले. सत्तरीचा माणूस. गुडघ्यावर हात देऊन उठले, हात पुसले आणि माझ्याकडं आले. मला वाटलं चहा हवाय. तर त्यांनी भजी बांधायच्या रद्दीतला एक कागद उचलला आणि त्याची बोटभर रुंद पट्टी फाडली.

परत जाऊन त्यांनी ती पट्टी पेडलवर ठेवली.

“ठेव पाय.”

सर्जेरावानं पाय ठेवला.

“दाब.”

त्यानं दाबलं.

“सोड.”

“सोडलं.”

“नक्की?”

“आता काय लिहून देऊ का, चाचा? सोडलं!”

चाचांनी पट्टीचं टोक धरून ओढलं. ती टर्रकन फाटली. अर्धी त्यांच्या हातात आली, अर्धी सर्जेरावाच्या बुटाखाली राहिली.

सर्जेराव खाली बघत राहिला...

“मी सोडला होता पाय. शपथ.”

 चाचांनी हातातला तुकडा खिशात ठेवला.

“पेडल पूर्ण वर आल्याशिवाय वरच्या तेलाच्या डबीचं भोक उघडत नाही,” सर्जेराव हळूच म्हणाला. “तेल खाली उतरत नाही, हवा वर जात नाही. हे तुम्हीच शिकवलं होतं मला.”

“शिकवलं होतं.”

“मग आता?”

“गाडीतून उतर.”

तो उतरला. चाचांनी वरची डबी तेलानं भरली, खाली जाऊन निपल अर्धा आटा सैल केलं आणि बाहेर येऊन माझ्या बाकड्यावर बसले.

“आता काय?” सर्जेरावानं विचारलं.

“पडू दे थेंब थेंब.”

“किती वेळ?”

“हवा संपेपर्यंत.”

“म्हणजे किती? अर्धा तास? तास?”

“ते काय मला सांगून संपणार आहे का?”

“मग मी काय करू तोवर?”

“चहा पी. गरम आहे तोवर पी, नाहीतर ही बाई आज तुला मारणार.”

खरंच मारला असता. बसेल तर शपथ. वाकून बाटलीत बघ, बॉनेट उचल, घड्याळ बघ, मोबाइल काढ, परत वाक. एकदा तर दार उघडून पाय पेडलकडं गेलाच त्याचा. चाचा नुसते खाकरले तेव्हा मागं घेतला. सव्वा वाजला. बाटलीत एकेक बुडबुडा येत होता आणि आपल्या लयीत फुटत होता.

“चाचा, तुम्हाला नाही कळायचं,” तो एकदम म्हणाला. “हिची आई जाऊन दोन वर्षं झाली. ती दवाखान्यात असताना एक रात्र मी घरी झोपायला गेलो, एकच रात्र, आणि त्याच रात्री ती गेली. तेव्हापासून मी हिला एकटं कुठं पाठवलं नाही. शाळेत मी, क्लासला मी, परीक्षेला मी. बाहेर गाडीत बसून असायचो, पेपर सुटेपर्यंत.”

चाचा ऐकत होते. अस्मिताही ऐकत होती, मान खाली घालून. माझा राग कुठल्या कुठं गेला, खोटं कशाला बोलू.

“त्या रात्री नर्सनं आईचा हात धरला होता, पप्पा,” ती म्हणाली. “तिनंच सांगितलं मला. म्हणून तर मला जायचंय.”

सर्जेराव तिच्याकडं बघतच राहिला. हे त्याला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

अस्मिता उठली. तिनं फाइल छातीशी धरली आणि बॅगेकडं हात केला. सर्जेरावानं आधीच बॅग उचलली होती.

“थांब, मीपण येतो. गाडी राहू दे इथं.”

“आणि मग? तिथं चार वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर राहणार का तुम्ही?”

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

“गाडी झाली की या,” ती मऊ आवाजात म्हणाली. “संध्याकाळी या. मी गेटवर थांबते.”

बस येऊन थांबली. सर्जेरावानं बॅग आत चढवली, खिडकीपाशी जागा बघून दिली, पाण्याची बाटली दिली, बिस्किटांचे दोन पुडे दिले. मग खाली उतरून तिच्या खिडकीशी आला आणि खिडकीचा गज धरून उभा राहिला.

“पोचलीस की फोन कर.”

“हो, पप्पा.”

“उतरताना बॅग विसरू नको.”

“नाही विसरत.”

“आणि...”

 त्याचे डोळे भरून आले होते.

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. बस जागची हलेना. ड्रायव्हर आरशात बघून ओरडला, “ओ पाव्हणं, सोडा की गाडी!”

“सोडली की!” सर्जेराव ओरडला. “मी कुठं धरलीय?”

चाचा बाकड्यावरून उठले नाहीत. त्यांनी माझ्या रद्दीतला एक कागद ओढला, त्याची बोटभर पट्टी फाडली आणि हात वर करून त्याला दाखवली.

“आणू का रे, सर्जा?”