न घडलेलं आठवणारं चूर्ण

निंबगावच्या बाजारात एक वैद्यराज ढोल बडवून स्मरणचूर्ण विकत होता. "मी रोज खातो, पाहिलेला चेहरा जन्मात विसरत नाही! शेवटचे पाच डबे!" लगेच गर्दीतल्या दोघांनी आपल्याला गुण आल्याचं ओरडून सांगितलं. सासू-सासऱ्यांबरोबर बाजारात आलेल्या सगुणाच्या मनात पाल चुकचुकली. ते दोघे मघाशी वैद्यराजाच्याच गाडीतून उतरताना तिने पाहिले होते. पण सासरे हल्ली घरची वाट विसरत, म्हणून सासूबाई एका डब्यासाठी पायातले चांदीचे तोडे काढू लागल्या.

सगुणा पुढे झाली. "वैद्यराज, मला ओळखलंत? गेल्या वर्षी याच बाजारात तुमच्याकडून दोन डबे नेले होते."

आयतीच साक्ष मिळाली म्हणून वैद्यराज खुलला. "ओळखलं तर, ताई! हिरवं लुगडं नेसला होतात. सांगा सगळ्यांना, गुण आला ना?"

"मला नाही, तुम्हालाच आला," सगुणा म्हणाली. "लग्न होऊन मला महिना झाला. हा बाजार मी आज पहिल्यांदा पाहतेय. न घडलेलंही आठवतं, एवढं जालीम चूर्ण आमच्या मामंजींना नको!"

बाजार खदखदून हसला. सासूबाईंनी तोडे पुन्हा पायात चढवले आणि सासऱ्यांचा हात धरून त्या म्हणाल्या, "चला, वाट माझ्या लक्षात आहे."