भरती यायला पाऊण तास

“मग ठेवणार ना हात, उस्ताद?”

परीक्षितने कासम उस्तादांना विचारलं. दर्ग्याच्या पायरीवर बसून ते चहा पीत होते. चहा संपला तरी कप हातातच होता.

आम्हा जीपवाल्यांत एक रीत आहे. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे, रानात, गाड्यांची रांग न्यायची असेल, तर सगळ्यांत पुढच्या गाडीच्या बॉनेटवर उस्तादांचा हात पडावा लागतो. उस्तादांनी तीस वर्षं सर्व्हेवाल्यांच्या जीपा असल्या असल्या जागी नेल्या, की तिथे बकरीसुद्धा विचार करून पाय टाकेल. त्यांनी हात ठेवला नाही, तर म्होरक्या बदलायचा. हुज्जत घालायची नाही.

परीक्षित इंगवलेला दुसऱ्या दिवशी सकाळी बारा गाड्या न्यायच्या होत्या. सड्याच्या कातळपठारावरून खाली, दोन दिवसांची जंगलवाट. मध्ये गाव नाही, फोनला रेंज नाही. पोरगा कोल्हापूरचा, हाताने हुशार, पण डोक्यात हवा. तसं आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात ती कधी ना कधी होतीच, माझ्याही.

मी त्या दिवशी तिथे नव्हतो. हे सगळं मला परीक्षितनेच सांगितलं. सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

“बरोबर काय काय आहे?” उस्तादांनी विचारलं.

परीक्षित खुलला. गाडी ओढून काढायचं विंच, त्याचा तीस मीटरचा दोर. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या. फावडं. दोन जॅक. हवेचा पंप. औषधांची पेटी. सगळं नवंकोरं, सगळं महागातलं.

“आणि भीती?”

“छे हो, उस्ताद!” परीक्षित हसला. “भिणाऱ्याने या भानगडीत पडूच नये.”

उस्तादांनी कप खाली ठेवला.

“चल. गाडी चालवून दाखव.”

ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी वाळूची पुळण लांबच लांब उघडी पडली होती. दुपारचे चार वाजलेले, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

“सुरूच्या झाडांकडेनेच घे,” उस्ताद एवढंच म्हणाले.

परीक्षितने थोडा वेळ ऐकलं. मग समोर, पाण्याच्या अगदी कडेला, वाळूची एक लांब पाठ दिसली. सपाट, चकचकीत. तिच्यावर चाकाचा एकही माग नव्हता. मधल्या सखल पट्ट्यातून पाणी उडवत त्याने गाडी त्या पाठीवर चढवली. घोटाभर तर पाणी! त्याला मोठी मजा वाटली.

दोनशे हात गेला असेल. गाडी जड झाली. त्याने अॅक्सिलरेटर दाबला.

तिथेच चुकलं. मऊ वाळूत चाक फिरवलं की ते पुढे जात नाही, खाली जातं. हे त्याला तोंडपाठ होतं. तरी त्याने दाबला, आणखी दाबला, आणि गाडी पोटावर बसली.

“काही नाही, उस्ताद. पाच मिनिटांत काढतो.”

उस्ताद आतच बसून होते. पुढच्या सीटवर, पट्टा लावलेला, दोन्ही हात काठीवर.

परीक्षितने विंचचा दोर सोडला, त्याच्या टोकाचा आकडा हातात घेतला आणि किनाऱ्याकडे चालू लागला. दोर संपला. सुरूची झाडं अजून तीनशे पावलं लांब होती. मध्ये एक खडक नाही, एक खुंट नाही.

तो तसाच उभा राहिला, हातात आकडा धरून. एवढं महागाचं विंच, आणि बांधायला काही नाही.

“स्टेपनी पुरतात असल्या वेळी,” तो मोठ्याने म्हणाला. स्वतःला ऐकवत होता बहुतेक. “खोल खड्डा करायचा, स्टेपनी पुरायची, तिला दोर बांधायचा.”

“हो,” आतून उस्ताद म्हणाले.

तो धावत मागच्या दाराशी गेला, स्टेपनीला हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

स्टेपनीला चोरनट होता. साध्या पान्याने न खुलणारा. त्याची वेगळी चावी असते. फळ्यांनाही तोच नट, टपावरच्या फावड्यालाही तोच. शहरात रात्री गाडी रस्त्यावर उभी असते, सामान चोरीला जातं, म्हणून त्याने महिन्यापूर्वी हौसेने सगळीकडे बसवून घेतले होते. चावी हरवू नये म्हणून ती कपाटात, नीट डबीत घालून ठेवली होती. कोल्हापूरला.

“काय झालं?”

“चावी... घरी आहे.”

उस्तादांनी डोळे मिटले. रागावले असतील असं परीक्षितला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

मग पहिली लाट आली. लाट कसली, बशीभर पाणी. चाकाला लागून परत गेलं. चाकाभोवतीची वाळू मात्र पातळ झाली, आणि गाडी आणखी दोन बोटं खाली बसली.

परीक्षित गुडघ्यांवर बसून हातांनी उकरू लागला. डब्याचं झाकण घेतलं, त्याने उकरलं. चाकांतली हवा सोडली. पायाखालच्या मॅट काढून चाकांपुढे सरकवल्या. जॅक लावला तर जॅकच वाळूत गेला. जेवढं उकरी तेवढं पाणी भरून येई. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, खारं पाणी झोंबू लागलं. तो स्वतःशी बडबडत होता. होईल, होईल, आत्ता निघेल.

आता एक सांगायला हवं, कारण परीक्षितला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. उस्तादांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. सतरा वर्षांपूर्वी, घाटात, ताणलेला दोर तुटला आणि उस्ताद त्याच्या आड आले. तिथे रबराचा पाय आहे, वर मोजा आणि बूट. सपाटीवर काठीने चालतात. ओल्या वाळूत तो पाय गेला की वर येत नाही. आम्हा सगळ्यांना हे माहीत आहे. परीक्षित वर्षभर त्यांच्याकडे येत होता, त्यांच्याजवळ तासन् तास बसत होता. उस्ताद स्वतःहून सांगत नाहीत आणि ह्याने कधी त्यांना चालताना धड पाहिलंच नव्हतं. पाहायचा तो गाड्यांकडे.

त्यामुळे उस्ताद आत बसून आहेत, याचं त्याला काहीच वाटलं नाही. गुरू माणूस. बसणारच.

“परीक्षित.”

“एक मिनिट, उस्ताद!”

“मागे बघ.”

तो वळला. 

समुद्र समोरून येतोय, असं तो धरून चालला होता. समोरून तर तो सावकाश येत होता. पण मघाचा तो सखल पट्टा, ज्यातून पाणी उडवत आला होता तो, मागच्या मागे भरला होता. सुरूची झाडं आणि गाडी, यांच्यामध्ये आता पाणी होतं. काळसर, वेगाने सरकणारं. त्यात एक वाळकी फांदी वाहत आली आणि बघता बघता लांब गेली.

“बाप रे...”

“किती असेल?” उस्तादांनी विचारलं.

“कमरेएवढं. नाही... माहीत नाही.”

“आणि दहा मिनिटांनी?”

परीक्षितने पाण्याकडे पाहिलं. त्याचे दात वाजू लागले होते. भर उन्हात.

तरी त्याने काय करावं? पुन्हा स्टीअरिंगवर जाऊन बसला. गाडी सुरू केली, हळू सोडून पाहिली. मॅट भिरभिरत मागे उडाल्या. इंजिनाने दोन गचके दिले आणि ते बंद पडलं. मग एकदम शांत झालं. दाराच्या फटीतून पाणी आत येत होतं, त्याचा तेवढा आवाज.

त्याने फोन काढला. रेंज नव्हती. पुन्हा पाहिला. नव्हती.

“उस्ताद... काय करू?”

उस्ताद समोर पाण्याकडे बघत होते.

“बोला ना हो! काहीतरी बोला!”

उस्तादांच्या ओठांवर नुसती अल्लाची नावं चालली होती. आवाज फुटत नव्हता. परीक्षितने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या हातांकडे पाहिलं. काठीवरचे दोन्ही हात थरथरत होते.

उस्ताद भ्याले होते. कासम उस्ताद! ते पाहून परीक्षितचं उरलंसुरलं अवसान गळालं. आणि तेव्हाच कुठे त्याला सुचलं. इतका वेळ सुचलंच नव्हतं.

तो वळसा घालून पलीकडे गेला, पाणी मांडीला लागत होतं, आणि दोन्ही हातांनी ओढून दार उघडलं.

“उतरा, उस्ताद. गाडी गेली खड्ड्यात. चला, निघू.”

“मला चालता येत नाही.”

“म्हणजे?”

उस्तादांनी पायजमा वर केला.

परीक्षित बघतच राहिला. बघत राहण्याइतका वेळ नव्हता, तरी. मग त्याने पट्टा सोडवला आणि पाठ केली.

“बसा.”

“जड आहे मी.”

“बसा म्हणतो ना!”

चांगला हाडापेराचा म्हातारा. परीक्षित पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतला. काठी उस्तादांनी पुढे धरली होती, तिने ते त्याच्या पुढची वाळू चाचपत होते. इथे नको. इथे ठेव. थांब. आता ठेव. पट्ट्यात उतरले तेव्हा पाणी कमरेला आलं, मग छातीला. ओढ अशी, की पाय उचलला की तो दुसरीकडेच पडे. मध्यावर एक पाऊल हुकलं. दोघंही पाण्याखाली गेले. नाकातोंडात खारं पाणी, डोळ्यांपुढे हिरवा अंधार, आणि गळ्याभोवती त्या म्हाताऱ्याची मिठी घट्ट, इतकी घट्ट की श्वास घेता येईना. मरतो आता, असं त्याला स्वच्छ वाटलं. आपण मरतो, आणि यांना आपण मारलं.

मग पायाला काहीतरी टणक लागलं.

वर आले. खोकत, ओकत, रांगत. काठी वाहून गेली होती. रबरी पायही कुठेतरी निसटला होता, रिकामा पायजमा वाळूवर चिकटला होता. सुरूच्या मुळांशी दोघं आडवे पडले आणि बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले.

गाडीच्या काचेपर्यंत पाणी आलं होतं. टपावर फावडं आणि फळ्या तेवढ्या दिसत होत्या. नट घट्ट होते.

परीक्षित रडू लागला. लहान मुलासारखा, हुंदके देत.

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत, उस्ताद? पायाचं... मी आधीच उचलून आणलं असतं. कोरड्यातून आणलं असतं.”

उस्ताद आकाशाकडे बघत पडून राहिले. त्यांची छाती अजून खालीवर होत होती.

लांबून अजान ऐकू आली. परीक्षितने तोंड पुसलं आणि तो उठून बसला.

“मी गावात जाऊन माणसं आणतो. तिथून सगळ्यांना फोन करतो. उद्याचं रद्द म्हणून सांगतो. बाराही गाड्यांना.”

“कर,” उस्ताद म्हणाले.

तो उभा राहिला.  चार पावलं गेला असेल.

“परीक्षित...”

तो थांबला.

“फोन करशील, तेव्हा एकेकाला विचार. त्यांच्या गाडीत चालता न येणारं कोण बसणार होतं?”